झावे शाँते : एका भूतकाळाची कमिट हिस्टरी

हा आपल्या या भागाचा लेखी मजकूर. आजच्या भागात फ्रेंच उच्चार बरेच आहेत आणि ते कानावरून पटकन निसटतात. म्हणून इथे ते देवनागरीत दिलेत, सावकाश वाचा.

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की फ्रेंचचा क्लास? विषय आहे फ्रेंचमधला ‘प्लू-क-पार्फे’ नावाचा काळ. आपण शाळेत ज्याला पूर्ण भूतकाळ म्हणायचो, साधारण तोच. ‘मी गायलो होतो’, ‘तिने सांगितलं होतं’ वगैरे. ज्यांनी अकरावी-बारावीला स्कोअरिंग विषय म्हणून फ्रेंच घेतलं, त्यांच्यासाठी हा एक पाठ करायचा तक्ता होता. मीही त्यातलाच. पण नंतर मी पोटापाण्यासाठी कोड लिहायला लागलो आणि एक सवय लागली. एखादी ओळ विचित्र दिसली की ती का आहे हे विचारण्याआधी ती कधी आली आणि कोणी आणली, हे बघायचं. गिटमध्ये त्यासाठी एक कमांडच आहे. आज तीच कमांड आपण एका फ्रेंच क्रियापदावर चालवणार आहोत.

आणि त्यातून जे बाहेर येतं ते फक्त फ्रेंचपुरतं नाही. आपल्या मराठीचीही एक गोष्ट त्यात लपलेली आहे. शेवटपर्यंत थांबा.

तीन टाइमस्टॅम्प असलेला काळ

आधी हा काळ करतो काय ते बघू. एक साधं वाक्य घ्या : ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा लोकल गेली होती.’

या वाक्यात किती वेळा आहेत? एक, मी हे तुम्हाला सांगतोय ती आत्ताची वेळ. दोन, मी स्टेशनवर पोचलो ती वेळ. आणि तीन, त्याच्याही आधी लोकल सुटली ती वेळ. म्हणजे एका वाक्यात तीन टाइमस्टॅम्प. साध्या भूतकाळाला दोन पुरतात, याला तीन लागतात. हान्स रायशेनबाख नावाच्या तत्त्वज्ञाने 1947 मध्ये तर्कशास्त्रावरच्या पुस्तकात हीच मांडणी केली : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि त्या दोघांमधला संदर्भाचा क्षण. भाषाशास्त्राचे विद्यार्थी आजही काळ समजून घेताना इथूनच सुरुवात करतात.

हा काळ नसेल तर काय बिघडतं? ‘पोलीस आले तेव्हा तो पळाला’ आणि ‘पोलीस आले तेव्हा तो पळाला होता’. फरक एका ‘होता’चा आहे, पण पहिल्या वाक्यात पोलिसांनी त्याला पळताना पाहिलं असू शकतं, दुसऱ्यात नाही. साक्षीदाराच्या जबानीत या एका शब्दावर सगळं फिरू शकतं. कोणती गोष्ट आधी घडली हे सांगता येणं, ही भाषेची फार मोठी सोय आहे.

आता नावाबद्दल. ‘प्लू-क-पार्फे’चा शब्दशः अर्थ ‘पूर्णाहून अधिक’. पार्फे म्हणजे इथे उत्तम, निर्दोष असं नाही, तर पूर्ण झालेलं, संपलेलं. नाव लॅटिनमधून आलं, ‘प्लुस्क्वाम्पेर्फेक्तुम’. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिस्कियन नावाचा व्याकरणकार लॅटिन शिकवायचा. त्याचं जाडजूड व्याकरण मध्ययुगात युरोपभर वापरात होतं आणि काळांची अशी लॅटिन नावं त्या परंपरेतून पुढे चालत आली. गंमत अशी की नाव टिकलं, पण ज्या क्रियारूपाला ते दिलं होतं ते रूप फ्रान्समधून गायब झालं. कसं, ते बघू.

आधी तक्ता

क्रियापद घेऊ ‘शाँते’, म्हणजे गाणे. फ्रेंचमधल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत नियमित गटातलं हे क्रियापद. याचा प्लू-क-पार्फे असा :

मी : झावे शाँते
तू : त्यू आवे शाँते
तो : इल आवे शाँते
आम्ही : नू झाव्यों शाँते
तुम्ही : वू झाव्ये शाँते
ते : इल झावे शाँते

रेसिपी सोपी आहे. ‘आव्वार’ म्हणजे ‘जवळ असणे’ हे सहायक क्रियापद घ्यायचं, त्याचा अपूर्ण भूतकाळ करायचा आणि पुढे ‘शाँते’ म्हणजे ‘गायलेलं’ हे रूप ठेवायचं. झालं. एकदा सहायक क्रियापदाची सहा रूपं पाठ झाली की या गटातली हजारो क्रियापदं खिशात. पार्ले घ्या, दाँसे घ्या, तेच.

तक्ता मोठ्याने वाचून बघा. सहापैकी चार ठिकाणी सहायक क्रियापद ऐकायला एकच आहे : ‘आवे’. नू आणि वूच्या पुढे फक्त आवाज बदलतो. पण लिहिताना? मी आणि तू यांच्यापुढे शेवटी एस, तो याच्यापुढे टी, आणि ते याच्यापुढे ई-एन-टी. एकही अक्षर उच्चारलं जात नाही. मग ही अक्षरं तिथे करतायत काय? कोडच्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे. चालत नाही, पण काढायची कोणाची हिंमत नाही. कुठून आला, ते शोधायला दोन हजार वर्षं मागे जावं लागतं.

एका शब्दात मावणारा काळ

रोमन लोक ‘मी गायलो होतो’ एका शब्दात म्हणायचे : ‘कान्तावेराम’. बस्स. सहायक क्रियापद नाही, सर्वनाम नाही. कोण गायलं, कधी गायलं, सगळं शेवटच्या प्रत्ययात भरलेलं. संस्कृत शिकलेल्यांना ‘अगच्छत्’ आठवेल, तोच प्रकार : एका शब्दात अख्खं वाक्य.

मग हे रूप गेलं कुठे? अडचण आवाजाची झाली. रोजच्या बोलण्यात ‘कान्तावेराम’मधला ‘वे’ गळून ‘कान्ताराम’ व्हायला लागलं. हा आखूडपणा सिसेरोच्या काळातही होता. पण त्याच क्रियापदाची दुसरी रूपंही अशीच आखूड होत होती आणि शब्दाच्या शेवटचे स्वर अस्पष्ट होत चालले होते. ‘कान्ताराम’, ‘कान्तारेम’, ‘कान्तारिम’. सांगा बघू, बाजाराच्या गोंगाटात यातला फरक कोणाला ऐकू येणार? तीन वेगळ्या अर्थांची रूपं एकमेकांवर आदळली. प्रोग्रामर मंडळी याला नेमस्पेस कोलिजन म्हणतील.

रोमन साम्राज्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांनी या गोंधळातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. पोर्तुगीजने जुनं रूप जपलं. पोर्तुगीजमध्ये ‘कान्तारा’ म्हणजे आजही ‘गायला होता’, जरी ते आता पुस्तकी वाटतं. गोव्यात 1961 पर्यंत ज्यांचं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालं त्यांनी शाळेत हे रूप गिरवलेलं असणार. स्पॅनिशमध्येही ‘कान्तारा’ टिकलं, पण त्याचा अर्थ सरकला आणि ते मुख्यतः ‘गायला असता तर’ अशा कल्पनेतल्या गोष्टींसाठी वापरलं जाऊ लागलं. रोमानियनने लॅटिनचंच दुसरं एक रूप उचललं आणि एका शब्दाचा पूर्ण भूतकाळ कायम ठेवला.

आणि फ्रेंच? फ्रेंचमध्ये हे रूप मेलं. पण मरता मरता एक खूण ठेवून गेलं.

1837, वालाँसिएनचं ग्रंथालय

होफमान फॉन फालर्सलेबेन हे नाव थोडं लांबलचक आहे. हा जर्मन कवी आणि भाषा-अभ्यासक. 1841 मध्ये त्याने लिहिलेलं गीत पुढे जर्मनीचं राष्ट्रगीत झालं. त्याच्या चार वर्षं आधी, 1837 मध्ये, तो उत्तर फ्रान्समधल्या वालाँसिएन गावच्या ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं चाळत होता. तिथे त्याला संत युलालीवरचं एक छोटं स्तोत्र सापडलं. फक्त 29 ओळी. साधारण इसवी सन 880 च्या सुमाराचं. फ्रेंच भाषेतली आपल्यापर्यंत पोचलेली सर्वांत जुनी साहित्यकृती म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं.

या 29 ओळींत ‘औरेत’, ‘पौरेत’, ‘फुरेत’ असे काही शब्द येतात. अभ्यासकांनी ओळखलं की हे थेट लॅटिनच्या त्या जुन्या एकशब्दी पूर्ण भूतकाळाचे वंशज आहेत. म्हणजे नवव्या शतकापर्यंत उत्तर फ्रान्समध्ये ते रूप कसंबसं जिवंत होतं. पण अर्थ बघा : ‘औरेत’ तिथे ‘होतं आधीपासून’ असं सांगत नाही, फक्त ‘होतं’ एवढंच सांगतं. तिसरा टाइमस्टॅम्प पुसला गेलेला आहे. त्यानंतर थोड्याच काळात हे रूपही फ्रेंचमधून नाहीसं झालं.

तोपर्यंत लोक गप्प बसले होते का? अर्थातच नाही. ‘ती आली त्याआधी मी गायलो होतो’ हे सांगायची गरज काही व्याकरणाची वाट बघत नाही. जुनं साधन बोथट होत असतानाच लोकांनी नवं साधन बनवलं होतं, आणि तेही घरातल्याच सामानातून.

‘माझ्याकडे लिहिलेली पत्रं आहेत’

लॅटिनमध्ये ‘हाबेओ’ म्हणजे माझ्याकडे आहे. त्यात असं वाक्य करता यायचं : ‘माझ्याकडे लिहिलेली पत्रं आहेत.’ यात मुख्य मुद्दा पत्रं जवळ असण्याचा. ‘लिहिलेली’ हे नुसतं विशेषण, आणि विशेषण असल्यामुळे ते पत्रांच्या लिंगवचनाप्रमाणे चालणार.

आता विचार करा, माझ्याकडे लिहिलेली पत्रं आहेत म्हणजे ती बहुधा मीच लिहिली असणार. हळूहळू ऐकणाऱ्याचं लक्ष ‘जवळ आहेत’वरून ‘लिहून झालीत’वर सरकलं. सिसेरोच्या लिखाणात ‘मला हे कळून चुकलेलं आहे’ अशा अर्थाची ‘हाबेओ’ची वाक्यं मिळतात. सहाव्या शतकात तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो तेव्हा ही रचना आजच्या फ्रेंचच्या आणखी जवळ आलेली दिसते. एकदा ‘माझ्याकडे’चा मालकीचा अर्थ झिजला की मग जवळ ठेवता न येणाऱ्या गोष्टींसाठीही ती चालते. गाणं कुठे खिशात ठेवता येतं? तरीही ‘माझ्याकडे गायलेलं आहे’ म्हणजे ‘मी गायलोय’. आणि ‘हाबेबाम’, म्हणजे ‘माझ्याकडे होतं’, असं मागे नेलं की ‘मी गायलो होतो’. हाबेबाम कान्तातुम. हाच आपला झावे शाँते.

आता त्या मुक्या अक्षरांचा उलगडा होतो. लॅटिनमध्ये तू हाबेबास, तो हाबेबात, ते हाबेबान्त. एस, टी, एन-टी. म्हणजे फ्रेंच मूल आज वहीत जे न उच्चारलेलं टी लिहितं ते रोमन माणसाच्या तोंडात खणखणीत वाजत होतं. ‘मी’च्या रूपातला एस मात्र नंतरचा. लॅटिनमध्ये तिथे एस नव्हता, जुन्या फ्रेंचमध्येही नव्हता. शेजारच्या रूपांकडे बघून तो पुढे चिकटला.

आणि शेवटची अक्षरं मुकी झाल्याचा परिणाम असा की सर्वनाम सक्तीचं झालं. जुन्या फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच ‘मी’ गाळता यायचं. आपण सहज म्हणतो, ‘काल गेलो होतो.’ ‘मी’ म्हणायची गरजच नाही. फ्रेंचमध्ये नुसतं ‘आवे शाँते’ म्हटलं तर मी, तू, तो की ते, काहीच कळणार नाही. सर्वनाम सक्तीचं होण्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं.

एक छोटी नोंद. या काळाचा एक जुळा भाऊही होता, ज्यात सहायक क्रियापद साध्या भूतकाळात यायचं. पुढे फ्रेंच माणसांनी बोलताना तो साधा भूतकाळच सोडून दिला आणि त्याच्याबरोबर जुळा भाऊ पुस्तकांत जाऊन बसला. प्लू-क-पार्फे वाचला, कारण त्याचा पाया असलेला अपूर्ण भूतकाळ रोजच्या बोलण्यात टिकला. डिपेंडन्सी जिवंत असली की पॅकेज जिवंत राहतं.

1835 : स्पेलिंग बदललं, आभाळ कोसळलं नाही

आता तक्त्यातल्या ‘आवे’कडे पुन्हा बघू. आज त्याचं स्पेलिंग ए-व्ही-ए-आय-एस. पण मोलियेर किंवा रूसो यांच्या काळातलं छापील पुस्तक उघडलंत तर तिथे ए-व्ही-ओ-आय-एस दिसेल. बाराव्या-तेराव्या शतकात उच्चार खरोखर तसा होता. पुढे बहुतेक लोक ‘आवे’ म्हणायला लागले, पण लिहिताना तो ‘ओ’ तसाच राहिला. व्होल्तेअरने अठराव्या शतकात ‘ए-आय’ लिहायचा आग्रह धरला. फ्रेंच अकादमीने, जिची स्थापना रिशेल्यूने 1635 मध्ये केली होती, तो बदल आपल्या शब्दकोशात घेतला थेट 1835 च्या सहाव्या आवृत्तीत. म्हणजे आज वर्गात जो तक्ता सनातन सत्य असल्यासारखा फळ्यावर लिहिला जातो, त्याचं अधिकृत स्पेलिंग दोनशे वर्षांचंही नाही. खुद्द ‘फ्रेंच’ या शब्दाचं स्पेलिंगही त्याच फटक्यात बदललं.

तक्ते छापायचा धंदाही याच सुमाराला फोफावला. फ्रेंच क्रियापदांचे तक्ते त्याआधी नव्हते असं नाही. 1530 मध्ये लंडनमध्ये जॉन पाल्सग्रेव्हने इंग्रजांसाठी फ्रेंचचं प्रचंड व्याकरण छापलं होतं. हा राजा आठव्या हेन्रीच्या बहिणीचा फ्रेंच शिक्षक. पण बेशरेल बंधूंनी 1842 मध्ये हजारो क्रियापदांची रूपं देणारं पुस्तक काढलं आणि ते नाव इतकं रुजलं की आजही फ्रान्समध्ये क्रियापदांच्या तक्त्यांच्या पुस्तकाला लोक सरळ ‘बेशरेल’ म्हणतात. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं.

कवीने आणलेला नियम

आता खरी भांडणाची जागा. ‘मी गाणं गायलो होतो’ याचं फ्रेंच : झावे शाँते ला शाँसों. इथे ‘शाँते’ जसंच्या तसं. पण ‘मी गायलेलं होतं ते गाणं’ असं म्हणायचं झालं, म्हणजे गाणं आधी आणि क्रियापद नंतर, तर ‘शाँते’च्या शेवटी आणखी एक ‘ई’ अक्षर लावायचं, कारण फ्रेंचमध्ये गाणं स्त्रीलिंगी. कर्म आधी आलं तर जुळवायचं, नंतर आलं तर नाही. आणि तो जादाचा ‘ई’ उच्चारला जात नाही. ऐकायला शाँते ते शाँतेच.

हा नियम आला कुठून? जुन्या फ्रेंचमध्ये मोकळीक होती. कोणी जुळवायचं, कोणी नाही. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाचा राजदरबारातला कवी होता. धर्माच्या वादळात त्याला फ्रान्स सोडून इटलीत आसरा घ्यावा लागला होता. 1538 मध्ये त्याची एक छोटी कविता छापली गेली, आपल्या शिष्यांना उद्देशून. त्यात तो सांगतो की आधी आलेला शब्द नंतरच्यावर राज्य करतो, आणि दाखला देतो इटालियनचा. म्हणजे एका कवीने परदेशी भाषेकडे बोट दाखवून पद्यात दिलेला सल्ला. 1647 मध्ये व्होज्लाने आपल्या भाषाविषयक टिपणांत या प्रश्नाचा ऊहापोह केला, अपवाद मांडले. मग पुढचे व्याकरणकार आले आणि अपवादांचे पोटअपवाद झाले.

दरबारी लोकांपुरतं हे होतं तोवर ठीक होतं. पण 1881-82 च्या जूल फेरीच्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. आता शेतकऱ्याचं पोरही डिक्टेशन लिहायला बसलं. प्राथमिक शाळेच्या प्रमाणपत्र परीक्षेत डिक्टेशनमधल्या चुका ठरावीक संख्येपुढे गेल्या की शून्य. न ऐकू येणारा ‘ई’ ऐकून कसा लिहिणार? ज्याच्या घरी पुस्तकं, त्याला जमणार. ज्याच्या घरी नाहीत, त्याने वर्षानुवर्षं घोकायचं. नियम कवीचा, शिक्षा पोरांना.

हे सरकारलाही दिसत होतं. 31 जुलै 1900 ला शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनी आदेश काढला, त्यात आव्वारबरोबरचं हे रूप न जुळवता लिहिलं तरी परीक्षेत चूक धरू नये अशी सूट होती. अकादमीने जोरदार विरोध केला. 26 फेब्रुवारी 1901 ला आदेश पुन्हा निघाला, पण पाणी घालून. सूट उरली ती मोजक्या ठिकाणी, आणि वर्गातल्या फळ्यावर तर तीही फारशी पोचली नाही. 2018 मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी ‘लिबेरासियों’ या पॅरिसच्या दैनिकात लेख लिहून पुन्हा तीच मागणी केली : हा नियम सोडा, वाचलेल्या तासांत मुलांना वाचायला, लिहायला शिकवा. पुन्हा तसाच गदारोळ. विरोध करणाऱ्यांचीही एक बाजू आहे : जुळवणीमुळे वाक्यातला संबंध स्पष्ट होतो, काही क्रियापदांत तो ऐकूही येतो, आणि जुनं साहित्य परकं होत नाही. पण जे काही म्हणायचं ते म्हणताना हा नियम निसर्गाने दिलेला आहे असं कोणी म्हणू शकत नाही. त्याला जन्मतारीख आहे.

आता मराठीकडे

मराठी माणसाला हा जुळवणीचा प्रकार ऐकून आश्चर्य वाटायचं कारणच नाही. बघा : ‘मी पोवाडा गायला होता.’ ‘मी लावणी गायली होती.’ ‘मी गाणं गायलं होतं.’ ‘मी अभंग गायले होते.’ गाणारा एकच, पण क्रियापद चार वेळा बदललं, कर्माप्रमाणे. हेच तर ते लॅटिनचं ‘लिहिलेली पत्रं’! आपल्याकडेही कारण तेच आहे. संस्कृतमधला ‘अगच्छत्’सारखा एकशब्दी भूतकाळ मराठीपर्यंत पोचलाच नाही. पोचलं ते ‘मया पत्रं लिखितम्’, म्हणजे ‘माझ्याकडून पत्र लिहिलं गेलेलं’. ते विशेषणच आपलं क्रियापद झालं आणि विशेषणाची जुनी सवय, नामाबरोबर बदलायची, ते बरोबर घेऊन आलं.

साम्य इथेच संपत नाही. फ्रेंचमध्ये ‘आरिव्हे’ म्हणजे पोचणे यासारखी काही क्रियापदं आव्वारऐवजी ‘एत्र’ म्हणजे असणे हे सहायक घेतात, आणि तिथे जुळवणी कर्त्याशी होते. ‘झेते आरिव्हे’ : पुरुषाने लिहिलं तर साधं, बाईने लिहिलं तर एक जादा ‘ई’. आपलं बघा : ‘मी पोचलो होतो’, ‘मी पोचले होते’. लोकलच्या वाक्यातही ‘गेली होती’ लोकलप्रमाणेच चाललं. दोन्ही भाषा एकमेकींपासून इतक्या लांब वाढल्या, पण जुनं यंत्र मोडल्यावर दोघींनी उरलेल्या सुट्या भागांतून जवळजवळ सारखंच यंत्र जोडलं.

फरक एकच, पण फार मोठा. आपली जुळवणी तोंडात आहे. गायला, गायली, गायलं, हे चार वर्षांचं पोरही बरोबर बोलतं, कोणी शिकवावं लागत नाही. शाँतेची जुळवणी फक्त कागदावर आहे. म्हणून आपल्याकडे त्यावर डिक्टेशनची भांडणं नाहीत.

ज्याला यात खोलात जायचंय त्याने ज्यूल ब्लोक हे नाव लक्षात ठेवा. हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. त्याचं मराठी भाषेच्या जडणघडणीवरचं मोठं पुस्तक 1920 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालं. मराठीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला ते आजही टाळता येत नाही. आपल्या ‘लेलं-गेलं’ची वंशावळ एका फ्रेंच माणसाने फ्रेंचमध्ये मांडली, हे मला फार आवडतं.

‘असतं तर’

एक शेवटची गोष्ट. फ्रेंचमध्ये हाच काळ पश्चात्तापासाठीही वापरतात. ‘सी झावे शाँते’, म्हणजे ‘मी गायलो असतो तर’. क्रियापद तेच, अक्षरही बदललं नाही. मघाशी स्पॅनिशच्या ‘कान्तारा’चंही असंच झालं होतं. जी गोष्ट काळात दूर आहे तिचं रूप, जी गोष्ट प्रत्यक्षापासून दूर आहे तिच्यासाठी वापरायचं. हातातून निसटलेला काळ आणि कधी न घडलेला काळ, दोन्ही सारखेच आवाक्याबाहेर. आपण मात्र तिथे ‘होतो’ काढून ‘असतो’ घालतो. यात मराठीने फ्रेंचपेक्षा जास्त बारकावा ठेवला, असं मी तरी म्हणेन.

तर कमांड चालवून झाली. झावे शाँते, इन मीन दोन शब्द. त्यात रोमन काळातला मुका टी आहे, सिसेरोच्या आधीपासून झिजत आलेलं ‘माझ्याकडे’ आहे, 1538 च्या कवीचा सल्ला आहे, 1835 च्या अकादमीचं स्पेलिंग आहे आणि 1901 ची अर्धवट सुधारणा आहे. प्रत्येक ओळीपुढे कोणाचं तरी नाव किंवा निदान शतक आहे.

आपल्याकडेही जुनी मराठी पुस्तकं उघडा. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘नांव’, न उच्चारलेले अनुस्वार पानभर विखुरलेले दिसतील. साहित्य महामंडळाचे नियम 1962 मध्ये राज्य सरकारने मान्य केले आणि ते अनुस्वार गेले. तेव्हाही वाद झाले होते. आज आपण ‘काही’ लिहितो आणि कोणाचंही आकलन कमी झालेलं नाही. फ्रेंचांनी मुका ‘ई’ ठेवला, आपण मुका अनुस्वार काढला. दोन्ही माणसांचेच निर्णय.

म्हणून पुढच्या वेळी कोणी तुमच्या बोलण्यावरून, लिहिण्यावरून तुम्हाला अडाणी ठरवायला निघालं, तर चिडू नका आणि लाजूही नका. शांतपणे विचारा, हा नियम कधीचा, कोणी केला आणि कशासाठी? उत्तर पटलं तर नियम जरूर पाळा, पटून पाळलेला नियम सहज लक्षात राहतो. आणि उत्तरच नसेल, तर निदान तो नियम वापरून दुसऱ्या कोणाला कमी लेखू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर फ्रेंच शिकणारी एखादी मैत्रीण किंवा मित्र तक्ता घोकत बसला असेल, तर त्याला हा भाग पाठवा. तक्ता तरीही पाठ करावा लागेलच, पण निदान करताना कंटाळा यायचा नाही.